मधल्या खोलीतला धूर

सोन्याची अंगठी कोनाड्यात ठेवलेली होती. पंधरा दिवसांनी पाहिली तर तिची एक कड पांढरी पडली होती, चुन्याचं बोट लागल्यासारखी.

*

'पालकांची सही आधीच्या सहीशी जुळत नाही. ही सही विद्यार्थिनीने स्वतः केली असावी असे वाटते. खुलासा करावा. वर्गशिक्षिका, सहावी ब.'

*

वाटीभर पारा उचलायला गेलं तर मनगट खाली जातं. वाटी तेवढीच, पण वजन साडेतेरा वाट्या पाण्याचं.

*

घरातला केर घराबाहेर टाकायचा नाही. झाडू उंबऱ्यापासून आत मारत यायचा.

*

खोली क्रमांक दोन. धूर आहे. वास नाही. ज्वाळा नाही. पेशंटना बाहेर काढावे.

*

शनिवारी सकाळी साडेनऊला गाडी येईल. सोबत दोन जोड कपडे, टॉवेल आणि एक नातेवाईक.

*

सोमवारी संध्याकाळी कुणी कस्तुरी झारेला विचारलं असतं, की या सगळ्यांचा एकमेकांशी संबंध काय, तर ती म्हणाली असती, काही नाही. तिला त्यातल्या दोनच गोष्टींनी घेरलं होतं. शाळेतली चिठ्ठी आणि शनिवारची गाडी.

साल होतं २०५१. आवाज, चेहरा, बोटांचे ठसे, सगळ्याच्या हुबेहूब नकला निघायला लागल्यापासून शाळा पुन्हा कागदावरच्या शाईच्या सहीकडे वळल्या होत्या. म्हणून कस्तुरीने चिठ्ठी आणि पेन बाबापुढे, ओंकारपुढे, ठेवलं.

"बाबा, परत एकदा कर ना सही. बाईंना वाटतं, मीच केली."

ओंकारने पेन धरलं. 'ओ' काढायला सुरुवात केली, तसं पेन कागदावर थरथरत गेलं आणि गोल रेषेला करवतीसारखे दात फुटले. त्याने पेन खाली ठेवलं आणि हात मांडीखाली दडवला.

"तूच कर," तो हळूच म्हणाला. "तुझी माझ्यापेक्षा बरी येईल."

कस्तुरीला हसू आलं नाही. वर्षापूर्वी याच हातांची गल्लीत कीर्ती होती.

ते हात काय करायचे ते सांगायला हवं. कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, सोनार कानस मारतो, घासतो, पॉलिश करतो, तेव्हा सोन्याचा बारीक कीस उडून धुळीत मिसळतो. ती धूळ विकत घेऊन तिच्यातून सोनं काढणारे लोक म्हणजे झारेकरी. कस्तुरीच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच काम. पसरट लाकडी परातीत धूळ आणि पाणी घेऊन हेलकावे द्यायचे. हलकी माती वाहून जाते, जड कण तळाशी राहतात. मग त्यात पारा घालायचा. पारा सोन्याचे कण गिळतो आणि दोघांचा मिळून लोण्यासारखा गोळा होतो. तो गोळा तापवला की पारा उडून जातो आणि सोनं मागे राहतं.

उडालेला पारा विषारी असतो, हे आता सगळ्यांना माहीत होतं. म्हणून दहा वर्षांपूर्वी घरामागे बंद भट्टी (जिच्यातली वाफ बाहेर न पडता आतच थंड होऊन पुन्हा पारा बनते अशी भट्टी) बसवली होती. दारावर हिरवी पाटी लागली होती : 'या घरात पाऱ्याचा धूर नाही.'

धूर नव्हता. तरी परात हेलकावताना ओंकारचा हात आता असा झटका खायचा की मातीबरोबर सोनंही वाहून जायचं. चमचा पडला तरी तो ओरडायचा आणि मग लहान मुलासारखा रडायचा. पूर्वी गल्लीच्या तोंडावर उभा राहून तासभर गप्पा हाणणारा माणूस आता पोस्टमन आला तरी आत पळायचा. गल्लीने निकाल लावून टाकला होता. ओंकार प्यायला लागला.

आणि गल्लीच काय, घरातल्या मोठ्या माणसालाही तेच वाटत होतं. ते मोठं माणूस म्हणजे प्रणालीआत्या, ओंकारची थोरली बहीण. कस्तुरीची आई रत्नागिरीजवळ समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला होती, महिन्यातून चार दिवस घरी यायची. बाकी घर आणि धंदा आत्याच्या शब्दावर चालायचा.

"मी त्याचं तोंड हुंगून बघितलंय," आत्या म्हणाली. "वास येत नाही. म्हणजे वास न येणारं काहीतरी घेतोय."

"आत्या, बाबा पीत नाही."

"पिणाऱ्याच्या घरातले सगळे हेच म्हणतात, बाळ." आत्याने पदराने डोळे टिपले. "शनिवारी व्यसनमुक्ती केंद्राची गाडी येईल, तिथे तीन महिने राहील, सुटेल सवय. मला काय हौस आहे होय त्याला घालवायची? तूच विचार त्याला, तो तरी नाही म्हणतोय का?"

हेच सगळ्यात वाईट होतं. बाबा नाही म्हणतच नव्हता. "अक्का म्हणते तर असेल," एवढंच तो म्हणायचा. त्याचा स्वतःवरचा विश्वासच उडाला होता.

म्हणून शनिवारच्या आत कस्तुरीला खरं कारण शोधायचं होतं. मदतीला होता फक्त सातबा, आणि सातबाला घरातलं कुणी शहाणं समजत नव्हतं.

सातबा हा एका दवाखान्यातून भंगारात निघालेला यंत्रमानव. कमरेएवढा उंच, चाकांवर चालणारा. पाठीवर 'वॉर्ड ७' लिहिलेलं, म्हणून आत्याने त्याला सातबा करून टाकलं. पेशंट नसताना खोलीत जाऊन एक खास दिवा लावायचा आणि जंतू मारायचे, हे त्याचं जुनं काम. शिवाय त्याच्या पोटात केर ओढणारा पंखा होता. आत्याने त्याला घेतलं ते त्या पंख्यासाठी. सोन्याची धूळ कानाकोपऱ्यातून ओढून आणेल म्हणून.

पण मधल्या खोलीच्या दारात आला की सातबा थांबायचा, आपल्या दिव्याने आत एक नजर टाकायचा आणि म्हणायचा, "खोली क्रमांक दोन. धूर आहे. धूर असलेल्या खोलीत पंखा लावू नये, असा नियम आहे."

"कुठाय धूर? मला तर काही दिसत नाही," आत्या म्हणायची.

"आवाज कमी ठेवावा. शेजारी पेशंट झोपले आहेत."

दुरुस्तीवाला येऊन सांगून गेला होता, डोळा बिघडलाय, परत भंगारात द्या.

मंगळवारी कस्तुरी पायरीवर बसून याच गोष्टीचा विचार करत होती. चष्म्याच्या काचेवर डाग असेल तर तो कुठे दिसतो? सगळीकडे. घरात, शाळेत, आभाळाकडे बघितलं तरी. डाग चष्म्याबरोबर फिरतो. मग सातबाचा डोळा बिघडला असेल, तर धूरही त्याच्याबरोबर फिरायला हवा.

तिने वही घेतली आणि सातबाला फिरवायला काढलं. दिवा लावण्याआधी तो प्रत्येक ठिकाणाहून माणसांना बाहेर काढायचा, दार लावायला सांगायचा आणि मगच बघायचा.

*अंगण : धूर नाही.*

*स्वयंपाकघर, फोडणी दिल्यावर : थोडा धूर. (हा मलाही दिसला. ठसका लागला.)*

*शेजारच्या काकूंचं माजघर : धूर नाही. (काकूंनी लाडू दिला.)*

*शाळेची रिकामी प्रयोगशाळा : धूर नाही.*

*मधली खोली, सकाळी : धूर आहे, विरळ.*

*मधली खोली, दुपारी उन्हं तापल्यावर : धूर आहे, दाट.*

*मधली खोली, बाबाच्या गादीजवळ, जमिनीलगत : सगळ्यात दाट.*

शेवटची ओळ लिहून झाल्यावर कस्तुरीने पेन्सिल खाली ठेवली. डोळा बिघडला नव्हता. बिघडली होती ती खोली.

मधल्या खोलीत धुळीची पोती असायची. तिची खिडकी बारा महिने बंद, फटींत कापडाच्या चिंध्या ठासलेल्या, कारण वाऱ्याबरोबर धूळ उडाली तर सोनं उडालं. आणि पोत्यांची राखण करायला तिथेच, जमिनीवर गादी टाकून, बाबा झोपायचा. गेली सहा वर्षं. आत्या आणि कस्तुरी वरच्या मजल्यावर झोपायच्या.

"सातबा, तो धूर कसला आहे?"

"निदान डॉक्टर करतात, पेशंट कस्तुरी. मी एवढंच सांगतो, की माझा प्रकाश वाटेत कुणीतरी खातं."

"तुझा प्रकाश म्हणजे?"

"अतिनील किरण (जांभळ्याच्या पलीकडचा, माणसाच्या डोळ्यांना न दिसणारा प्रकाश). त्याने जंतू मरतात. माणसाचे डोळे आणि कातडीही भाजते, म्हणून माणसं असताना मी दिवा लावत नाही. पण मला स्वतःला तो प्रकाश दिसतो."

"म्हणजे खोलीत असं काहीतरी आहे, जे आमचा साधा प्रकाश जाऊ देतं आणि तुझा अडवतं. म्हणून ते आम्हाला दिसत नाही, तुला दिसतं."

"पेशंट हुशार आहे."

"मी पेशंट नाही. बरं, तुझ्या दिव्यात जळतं काय?"

"जळत काहीच नाही. आत किंचित पाऱ्याची वाफ भरलेली आहे. तिच्यातून वीज गेली की तिच्यातून हा प्रकाश निघतो."

कस्तुरीला तंबोरे आठवले. शेजारी अशोककाकांकडे दोन तंबोरे होते. दोन्ही एका सुरात लावले आणि एकाची तार छेडली, की दुसऱ्याची तार कुणी हात न लावता थरारायची. सूर जुळला नसेल तर ढिम्म हलायची नाही. कारण प्रत्येक तार आपलाच सूर ओळखते, आपलाच सूर झेलते.

"पाऱ्याची वाफ जो प्रकाश देते," तिने सावकाश विचारलं, "तोच प्रकाश पाऱ्याची वाफ झेलूनही घेते का?"

"होय," सातबा म्हणाला. "शोषण (प्रकाश पुढे न जाऊ देता आत घेणं) असं त्याला म्हणतात. पाऱ्याचा प्रकाश पाऱ्याच्या वाफेला फार आवडतो."

शुक्रवारी दुपारी अंगणात मधल्या खोलीच्या बंद खिडकीबाहेर तीन माणसं एका गोधडीखाली डोकी खुपसून उभी होती. जुन्या काळचे फोटोवाले उभे राहायचे तशी. बाहेरचा उजेड आत जाऊ नये म्हणून गोधडी, आणि सातबाचा प्रकाश काचेतून बाहेर येत नाही म्हणून काचेच्या अलीकडे माणसं.

"उद्या गाडी यायचीय आणि आज ह्या पोरीचा खेळ," आत्या गोधडीच्या आत पुटपुटली. "ओम्या, पाय देऊ नको माझ्यावर."

"मी नाही दिला, अक्का. सातबाने दिला असेल."

"सातबा आत आहे."

"मग मीच दिला."

खूप महिन्यांनी बाबाने विनोद केला होता. कस्तुरीने अंधारात त्याचा हात धरला. तो हात थरथरत होता.

आत सातबाने समोरच्या भिंतीला एक पांढरा पुठ्ठा टेकवला होता. दिवा चालू आहे की नाही हे नर्सना कळावं म्हणून दवाखान्याने त्याला दिलेला. त्या पुठ्ठ्यावर असा लेप होता, की अतिनील किरण पडले की तो हिरवा चकाकायचा (याला प्रतिदीप्ती म्हणतात : न दिसणारा प्रकाश घेऊन दिसणारा प्रकाश देणं). पुठ्ठ्याच्या पुढ्यात एका वाटीत चमचाभर पारा. गार. चूल नाही, भट्टी नाही.

"दिवा लावत आहे," आतून आवाज आला.

पुठ्ठा हिरवागार उजळला. आणि त्यावर सावली दिसली. वाटीची नव्हे. वाटीच्या वर, जिथे काहीच नव्हतं तिथे, काळपट धूर वळवळत उठत होता. उदबत्तीच्या धुरासारखा वेटोळे घेत, वाटीच्या काठावरून ओघळून जमिनीकडे पसरत.

आत्याने काचेला नाक टेकवलं.

"पण मी तर तो तापवला नाही," आत्या म्हणाली. "तापवल्याशिवाय पारा उडत नाही. आमच्या आज्यापासून आम्हाला ठाऊक आहे."

"आत्या, दोरीवरचं धुणं कोण उकळतं?"

"काय?"

"तरी वाळतं ना? त्यातलं पाणी न उकळताच उडून जातं. बाष्पीभवन (द्रवाची न उकळता हळूहळू वाफ होणं). पाऱ्याचंही तसंच. पाण्यापेक्षा कितीतरी हळू, पण दिवसरात्र. आणि पाण्याची वाफ विषारी नसते."

"बरं, मग वाटी झाकून ठेवू. झालं?"

सातबाने वाटी झाकून स्वयंपाकघरात नेली. तासभर थांबून तो पुन्हा आत आला आणि या वेळी पुठ्ठा बाबाच्या गादीच्या मागे, जमिनीला टेकवून धरला. तिघं पुन्हा गोधडीत शिरली.

वाटी नव्हती. तरी सावली होती. फरश्यांच्या सांध्यांतून, पोत्यांच्या बुडातून, काळे धागे उठत होते. जिथे ओंकार डोकं ठेवायचा तिथूनही.

"हा कुठून आला?" ओंकारने विचारलं.

कस्तुरीला उत्तर माहीत होतं, पण बोलायचं कसं ते माहीत नव्हतं. काम करताना पाऱ्याचा थेंब सांडतोच. दुसऱ्या कुणीही तो उचलून बाटलीत भरला असता आणि उरलेला कचरा बाहेर काढला असता. पण झारेकऱ्याच्या घरात केर म्हणजे लक्ष्मी. तो बाहेर जात नाही. झाडू उंबऱ्यापासून आत येतो, कपडे घरातच झटकले जातात, आणि सगळं मधल्या खोलीत साठतं. झाडू लागला की पाऱ्याचा एक थेंब फुटून हजार होतात. पारा तेवढाच राहतो, पण त्याचा उघडा पृष्ठभाग दहापट होतो. बोळा केलेलं धुणं वाळत नाही आणि पसरलेलं झटकन वाळतं, तसा तो दहापट वेगाने उडतो. खिडकी बंद, म्हणून उडालेला तिथेच राहतो.

तिने हे जमेल तसं सांगितलं. "आणि अंगठीला कुणी पाऱ्याचा हात लावला नव्हता, आत्या. ती पांढरी पडली म्हणून तू बाबाला उगीच बोललीस. कोनाडा त्याच खोलीत आहे. हवेतला पाराच तिथवर गेला."

आत्या गोधडीतून बाहेर आली. तिचे केस विस्कटले होते. ती भावाकडे वळली.

"झाडू आत मारायला मी शिकवलं याला," ती म्हणाली. "चार वर्षांचा होता. बाहेर मारला तर हातावर फटका द्यायचे मी."

"अक्का, असू दे."

"काय असू दे? तोंड हुंगत होते मी तुझं." तिने त्याचा खांदा धरला. "लेका, एकदा तरी भांडायचंस की माझ्याशी."

मग ती खिडकीशी गेली आणि फटींतल्या चिंध्या उपसायला लागली. सातबाने तिला अडवलं. आधी तोंडाला दवाखान्याचा खास मुखवटा लावायचा, ओलं फडकं चालत नाही, आणि आत कुणी थांबायचं नाही. "शिवाय," तो म्हणाला, "बाहेर गेला म्हणजे संपला असं नाही. हवेतला पारा पावसाबरोबर नदीत येतो. नदीतून माशांत, माशांतून माणसांत. उरलेला पकडावा लागेल."

शनिवारी साडेनऊला गाडी आली. तिला कुणी परत पाठवलं नाही. फक्त पत्ता बदलला. आत्या स्वतः पुढे बसली आणि चालकाला म्हणाली, "केंद्र नको. मोठ्या दवाखान्यात घ्या. आणि तपासणी एकाची नाही, तिघांची."

लघवीच्या तपासणीत ओंकारच्या शरीरात पारा सापडला, असायला हवा त्याच्या कितीतरी पट. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की श्वासातून गेलेली पाऱ्याची वाफ रक्तातून मेंदूपर्यंत पोचते. हात थरथरतात, राग अनावर होतो, विसर पडतो आणि माणूस विनाकारण लाजाळू होतो. "लाजाळूपणासुद्धा?" कस्तुरीने विचारलं. "तोसुद्धा," त्या म्हणाल्या. "याला व्यवसायजन्य आजार (कामाच्या जागेमुळे होणारा आजार) म्हणतात. त्यात कामगाराची चूक नसते. आम्ही डॉक्टरही कधीकधी पेशंटला विचारायचं विसरतो, की तुम्ही काम काय करता आणि झोपता कुठे."

आत्याच्या शरीरातही पारा होता, बाबापेक्षा कमी. कस्तुरीच्या सगळ्यात कमी.

घर दीड महिना बंद होतं. पांढऱ्या पोशाखातल्या माणसांनी फरश्या उखडल्या, सांधे खरवडले, गंधकाची पूड टाकून उरलेला पारा बांधून ठेवला आणि पोती मोहोरबंद करून नेली. आत्या रस्त्यापलीकडे उभी राहून बघत होती. घरातून केर बाहेर जाताना तिने पहिल्यांदाच पाहिला.

"आता पोटाला काय?" तिने विचारलं.

उत्तर गुजरीतच होतं. सोनार डाग देताना, म्हणजे दागिन्याचा सांधा जोडताना, जो टाकणखार वापरतो, तोच. परातीतले जड कण टाकणखार घालून वितळवले, तर माती आणि इतर धातू काचेसारखे वर तरंगतात आणि सोनं तळाशी बसतं. पारा लागतच नाही. परात मात्र आणखी सफाईने हेलकावावी लागते, आणि ते काम मनगटाचं. ओंकारचा हात औषधांनी आणि मोकळ्या हवेने महिन्यामहिन्याने स्थिरावत होता. पूर्ण स्थिरावेल की नाही, ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नाही. "आधीपेक्षा बरा होईल," एवढं सांगितलं. आत्या म्हणाली, तोवर परात मी धरते आणि तू चुका काढ, तुला त्याची हौस आहेच.

आता दर रविवारी दुपारी कस्तुरी आणि सातबा गल्लीतल्या एकेका झारेकऱ्याच्या घरी जातात. बरोबर पुठ्ठा आणि गोधडी. आतापर्यंत नऊ घरं झाली. चार घरांत सावली निघाली. त्या चारही घरांच्या खिडक्या आता उघड्या असतात, आणि पुढच्या महिन्यात सातबाला इचलकरंजीहून बोलावणं आहे.

प्रणालीआत्या सहा वर्षांची असताना तिच्याकडे एकच खेळणं होतं : काड्यापेटीत ठेवलेला पाऱ्याचा थेंब. गार पाराही विषारी असतो, हे तेव्हा घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.